'वियर्ड' सिनेमातली अल यँकोविकची कहाणी कितपत खरी आहे?

तुम्ही विचारलंय की गाजलेल्या गाण्यांची विडंबनं गाणाऱ्या अमेरिकन अल यँकोविकचं गायिका मॅडोनाशी खरंच प्रेमप्रकरण होतं का, त्याने तिला कोलंबियाचा ड्रगमाफिया पाब्लो एस्कोबार याच्या तावडीतून सोडवलं का, आणि 1985 मध्ये त्याला गोळी घातली गेली असेल तर तो अजून कार्यक्रम कसे करतोय. तिन्ही शुद्ध थापा. आणि त्या मारणाऱ्यांत अल स्वतःच आहे. 2022 च्या या सिनेमाची पटकथा त्याने दिग्दर्शक एरिक अ‍ॅपेलच्या जोडीने लिहिली. त्याआधी 1985 मध्ये 'द कम्प्लीट अल' नावाचा खोटा माहितीपट काढून त्याने स्वतःच्या चरित्राची एकदा वाट लावलेली होतीच.

यात मजा अशी की जे सहज पटतं तेच बहुधा खोटं निघतं. संगीताचा द्वेष करणारा कडक बाप, दारूच्या आहारी गेलेला कलाकार, यशाने चढलेला माज, हा मसाला गायकांवरच्या झाडून सगळ्या चरित्रपटांत असतो. अलची टिंगल आहे ती या साच्याची. खरे आईवडील मुलाच्या पाठीशी उभे राहिलेले, आणि अल तर दारूला शिवतही नाही. असल्या सरळ माणसावर खरा चरित्रपट काढला असता तर मी तरी अर्ध्यात झोपलो असतो.

उलट जे बनावट वाटतं ते तपासून बघा. दारोदार फिरणारा अ‍ॅकॉर्डियनवाला विक्रेता खरा आहे, फक्त तो वाद्य नव्हे, शिकवणी विकत होता. तो गिटार किंवा अ‍ॅकॉर्डियन शिकवण्याची जाहिरात करत आला आणि आईवडिलांनी सात वर्षांच्या होत आलेल्या पोरासाठी अ‍ॅकॉर्डियन निवडलं. कारण काय, तर फ्रँकी यँकोविक नावाचा पोल्का या नाचाचं संगीत वाजवणारा एक प्रसिद्ध अ‍ॅकॉर्डियनवादक होता. नात्यातला नव्हे, नुसता आडनावबंधू! सिनेमात बाप त्या विक्रेत्याला बदडून काढतो, ते अर्थात खोटं.

बाथरूममधलं रेकॉर्डिंगही खरं. सिनेमात ते बस स्थानकावरच्या स्वच्छतागृहात होतं. प्रत्यक्षात अल कॅलिफोर्नियात सॅन लुईस ओबिस्पोला आर्किटेक्चर शिकत होता आणि 1979 मध्ये कॉलेजच्या रेडिओ केंद्रासमोरच्या बाथरूममध्ये त्याने 'माय शरोना' या गाण्याचं विडंबन 'माय बोलोनी' गायलं, तिथे आवाज छान घुमतो म्हणून. पुढच्या वर्षी डॉ. डिमेंटोच्या रेडिओ कार्यक्रमात 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चं विडंबन 'अनदर वन राइड्स द बस' थेट सादर झालं, तेव्हा तालाला होती अ‍ॅकॉर्डियन ठेवायची पेटी. ती बडवणारा जॉन श्वार्ट्झ पुढे त्याचा कायमचा ड्रमर झाला.

मॅडोनाचा धागाही अगदीच हवेतला नाही. 'लाइक अ व्हर्जिन'चं 'लाइक अ सर्जन' अल कधी करणार, असं तीच एका मैत्रिणीजवळ बोलली आणि ते फिरत फिरत अलच्या मॅनेजरपर्यंत पोचलं. संबंध तेवढाच. सिनेमाने त्यावर अख्खं प्रेमप्रकरण रचलं.

मला सर्वांत आवडलेली थाप मायकल जॅक्सनची. सिनेमात 'ईट इट' हे अलचं अस्सल गाणं आणि 'बीट इट' ही जॅक्सनने केलेली नक्कल; त्यावरून अलचा केवढा तिळपापड! प्रत्यक्षात 1984 चं 'ईट इट' जॅक्सनच्या संमतीने निघालं. अमेरिकेतला कायदा विडंबनाला बरीच मोकळीक देतो, तरी अल मूळ कलाकाराला विचारतोच. प्रिन्सने कधीच होकार दिला नाही, म्हणून प्रिन्सच्या गाण्याचं विडंबन नाही. केशवकुमारांची विडंबनं वाचत वाढलेल्या मला परवानगी मागून विडंबन हा प्रकार जरा गमतीचाच वाटतो.

सिनेमा पाहताना अलची भूमिका करणाऱ्या डॅनिएल रॅडक्लिफच्या तोंडी गाण्यांत आवाज अलचा आहे आणि रेकॉर्ड कंपनीचा खडूस अधिकारी म्हणून खुद्द अलच बसलाय, तेवढं लक्षात ठेवा. आणि नावं सुरू झाली की उठू नका. शेवटच्या गाण्यात तो ऐकवतो की हे गाणं नियमाप्रमाणे ऑस्करला पात्र आहे. ऑस्कर काही मिळालं नाही, पण सर्वोत्कृष्ट टीव्ही-चित्रपटाचा एमी मिळाला.