व्हीगन आहारावर राहून एकटीने मूल वाढवताना अंगात ताकद कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षांची आहे, घरात मोठं माणूस तुम्ही एकट्याच, दोन वर्षांपूर्वी दूध-अंडी सगळं सोडलंत आणि आता दुपारचे तीन वाजले की अंगातलं त्राणच जातं. काय खाल्लं म्हणजे ताकद टिकेल, असं विचारलंय. खाण्याकडे येतेच. पण त्याआधी सांगा, रक्ततपासणी शेवटची कधी केलीत?

माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा मी जवळजवळ वर्षभर अशीच गळून गेले होते. नोकरी, घर आणि मूल एकटीने सांभाळायचं म्हणजे दमणूक होणारच, असं मी धरूनच चालले होते. तळपायांना मुंग्या यायच्या, त्याचा दोष बुटांना दिला. बोलताना साधे शब्द आठवेनात, तो दोष अपुऱ्या झोपेला. घरात दुसरं मोठं माणूस असतं तर एखाद्या दिवशी म्हणालं असतं, अगं, किती पांढरी पडली आहेस! मुलाचं वजन, उंची, लसी मी तारखेवार बघत होते. माझ्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

शेवटी तपासणी केली तर हिमोग्लोबिन १२.१ निघालं. बायकांसाठी १२ ही सीमा धरतात, त्यामुळे 'ठीक आहे' ऐकून घरी आले. चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी फेरिटिन आणि बी१२ बघायला सांगितलं आणि दोन्ही तळाला गेलेले निघाले. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस तग धरतं, थकवा मात्र आधीच सुरू झालेला असतो. त्यात आणखी एक गोम आहे. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असलं तर रिपोर्टमध्ये पेशींचा सरासरी आकार अगदी व्यवस्थित दिसू शकतो. म्हणून नुसत्या साध्या तपासणीवर समाधान मानू नका. फेरिटिन, बी१२, ड जीवनसत्त्व, थायरॉईडसाठी टीएसएच आणि साखर, एवढं तरी करायचं का, असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आपण व्हीगन आहोत हेही सांगा. बी१२च्या गोळ्या सुरू करणार असाल तर आधी रक्त द्या, कारण गोळ्या सुरू झाल्या की आकडा वर जातो आणि मुळात काय झालं होतं ते कळत नाही.

बी१२ बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण याच बाबतीत आपल्यातले बरेचजण स्वतःची समजूत काढत बसतात. हे जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती बनवत नाही आणि कुठला प्राणीही बनवत नाही. ते जिवाणू बनवतात. स्पिरुलिना आणि समुद्री शेवाळात जे असतं, त्यातला बराचसा भाग आपल्या शरीराला वापरताच येत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. दूध-अंडी सोडल्यावर पहिली काही वर्षं यकृतातल्या साठ्यावर निघून जातात. त्यामुळे 'मला तर काहीच झालं नाही' असं दुसऱ्या वर्षी म्हणणाऱ्या माणसाकडे पुरावा म्हणून बघू नये. मीही तसंच म्हणत होते. शिवाय आपल्या आहारात पालेभाज्या आणि डाळी भरपूर असतात, म्हणजे फोलेट हे दुसरं ब जीवनसत्त्वही भरपूर मिळतं. फोलेटमुळे बी१२च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो, आत नसांची हानी मात्र चालूच राहते. पायाच्या मुंग्या त्या नसांच्या होत्या.

मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण २.४ मायक्रोग्रॅम इतकीच आहे. मग गोळ्या इतक्या मोठ्या आकड्यांच्या का असतात, असा प्रश्न मला पडला होता. एका वेळी शरीर नेहमीच्या वाटेने जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम उचलू शकतं. उरलेल्यातलं फक्त एक टक्क्याच्या आसपास आत झिरपतं. म्हणून रोज घ्यायची असेल तर किमान १० मायक्रोग्रॅम आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची असेल तर २००० मायक्रोग्रॅम, असा हिशेब धरतात. हा कमतरता नसलेल्या माणसाचा हिशेब झाला. कमतरता निघाली तर इंजेक्शन की गोळ्या आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. मी आता आठवड्याची गोळी रविवारी घेते, मुलाची नखं कापायला बसते तेव्हा. नखं वाढलेली डोळ्यांना दिसतात, त्यामुळे गोळीही चुकत नाही. मुलगी तुमच्यासारखंच खात असेल तर तिलाही बी१२ लागणारच. तिचा डोस वेगळा, तो बालरोगतज्ज्ञांकडून घ्या. आणि हे वाचणारी कुणी अंगावर पाजत असेल तर तिने एक दिवसही हयगय करू नये, बाळाला ते आईकडूनच मिळतं.

लोहाची गोळी लिहून दिली तर ती कुलपात ठेवा. गोड आवरणाची गोळी मुलांना खाऊ वाटते आणि लोहाच्या मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात. घरात आपण एकट्याच असतो, आंघोळीला गेलो तरी मुलावर नजर नसते.

आता तुमचं ताट. तपासणीनंतर मी तीन दिवस, तोंडात गेलेलं सगळं वहीत लिहून काढलं. आकडा दिवसाला १३०० कॅलरींच्या आसपास आला. मी उपाशी नव्हते, पोट तर भरल्यासारखंच वाटायचं. शिजवलेल्या डाळीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ११५ कॅलरी असतात, बऱ्याचशा भाज्यांमध्ये २५-३०. चीज, लोणी, अंडी गेली आणि त्यांच्या जागी मी भाज्या वाढवल्या. पोट तंतूंनी भरलं, इंधन मात्र कमी गेलं. त्यात माझं जेवण म्हणजे मुलाच्या ताटात उरलेलं, ओट्याशी उभं राहून खाल्लेलं. खरं जेवण तो झोपल्यावर करायचं ठरलेलं असायचं आणि तोवर मीच झोपलेली असायचे. तुमच्या प्रश्नातलं 'तिला भरवून मग माझं काहीतरी बघते' हे वाक्य मी दोनदा वाचलं. मला वाटतं तुमचं तीन वाजताचं उत्तर त्यातच आहे.

मी सगळ्यात मोठा बदल केला तो वेळेचा. मुलगा साडेसहाला जेवायचा, मीही साडेसहालाच त्याच्यासमोर, स्वतःचं वेगळं ताट घेऊन बसायला लागले. पहिला आठवडा अवघड गेला, तो मध्येच उठायचा, पाणी सांडायचा. पण मी उठले नाही. आई जेवते आहे हे त्याला दिसायला लागलं आणि तोही जास्त नीट जेवायला लागला.

ताटात काय, तर प्रत्येक जेवणात डाळ, कडधान्य, टोफू किंवा सोयाबीन यांपैकी एक असायलाच हवं, आणि वर काहीतरी स्निग्ध: तेल, दाणे, तीळ, शेंगदाण्याचं बटर. व्हीगन माणसाने तेला-दाण्यांना घाबरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बटर म्हणजे १९० च्या आसपास कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं, तेही गॅस न पेटवता. प्रथिनांचा हिशेब वजनाच्या किलोमागे किमान ०.८ ग्रॅम असा असतो, मी १ ग्रॅम धरते. कपभर शिजवलेल्या मसुरात १८ ग्रॅम मिळतात, पेलाभर सोया दुधात ७ च्या आसपास. जवस घ्यायचे तर पूड करून, अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात. लोहासाठी जेवणात लिंबू, टोमॅटो किंवा ढोबळी मिरची असं काहीतरी क जीवनसत्त्वाचं हवं आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब. (चार वाजताची कॉफी तशीही सोडाच. तिच्यातलं निम्मं कॅफिन रात्री नऊलाही अंगात असतं आणि झोप आधीच तुटपुंजी.) कॅल्शियम घातलेलं सोया दूध पिण्याआधी बाटली हलवा, ते तळाशी बसतं. पालकातलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही. मीठ आयोडीनचं वापरा. गुलाबी मीठ दिसायला छान असतं, पण आपल्याला आयोडीन दुसरीकडून सहजी मिळत नाही.

स्वयंपाक रोज करायची ताकद माझ्यात नव्हती, आजही नाही. आठवड्यातून एकदा मोठं भांडंभर हरभरे किंवा राजमा भिजवून शिजवते आणि एका जेवणापुरते डबे करून फ्रीझरमध्ये टाकते. त्यातले दोन डबे राखीव. मूल तापाने फणफणतं त्या दिवसासाठी ते असतात, एरवी त्यांना हात लावत नाही. एकट्या आईचं खाणं खरं कोसळतं ते त्याच दिवसांत: रात्रभर जागरण, सकाळी नुसती कॉफी, दुपारी बिस्किटं, आणि मूल बरं झालं की आपण आडव्या.

मुलीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक लिहिते. तिचं पोट छोटं आहे, ते सालं-कोंड्याने आणि कच्च्या भाज्यांनी भरून टाकू नका. तिच्या घासात तेल आणि दाण्यांचं बटर असू द्या. अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोच, घशात अडकतात.

हे सगळं करूनही थकवा हटला नाही तर 'आहारच चुकीचा' असं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. थायरॉईड असू शकतं. नैराश्यही असू शकतं. ते बरेचदा रडण्याऐवजी अशा दुपारच्या गळून जाण्यातूनच दिसतं. सकाळी उठल्यावर मुलीचा आवाजही नकोसा वाटत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, लाजू नका.

माझ्या बाबतीत सहाव्या आठवड्यात फरक जाणवला. एका रात्री मुलाने दुसरी गोष्ट मागितली आणि मी वाचली. तोवर वर्षभर पहिल्याच गोष्टीत माझे डोळे मिटायचे. मुंग्या जायला सात-आठ महिने लागले. लोहाचा साठा भरायलाही काही महिने लागतात, त्यामुळे बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्यावं लागेल. त्या सकाळी मुलीजवळ कोण थांबणार, हे आजच कुणाला तरी विचारून ठेवा.