"हजेरीचं टेन्शन घेऊ नका" म्हणणारं कॉलेज

रात्रभर पाऊस झाला होता. रान ओलं, डवरा चालण्यासारखा नव्हता, म्हणून यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले एक शेतकरी सकाळीच मुलीला घेऊन प्रवेशाचा सल्ला विचारायला माझ्याकडे आले. जुलैचा पहिला आठवडा होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगी बी.एस्सी. झालेली, रसायनशास्त्रात उत्तम गुण. एम.एस्सी.साठी दोन वाटा होत्या. एक, तालुक्याच्या गावचं छोटं खासगी विनाअनुदानित कॉलेज, एसटीनं अर्ध्या तासावर. दुसरी, अमरावतीला संत गाडगे बाबा विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग, म्हणजे वसतिगृह आलं.

बसल्या बसल्या वडील म्हणाले, "ताई, एवढ्या मोठ्या विद्यापीठात माही पोरगी हारपून जाईन."

दर उन्हाळा संपला की हे वाक्य मी ऐकते आणि ते कधीच हसण्यावारी नेत नाही. ज्या घरातली लेक मामाच्या गावाशिवाय कुठे रात्र राहिलेली नाही, त्या घराला विद्यापीठाचं फाटक म्हणजे आत कोणीच ओळखीचं नसलेली जागा वाटते. ती भीती खरी असते.

मी गुणपत्रिका मागितली. मुलीनं फाईल उघडली, तर आत नुसत्या झेरॉक्स. "ओरिजिनल कॉलेजवाल्यायनं नेले," वडील म्हणाले. "सर घरी आले होते. टीसी बी नेली, पाच हजार भरून घेतले. म्हणाले, हजेरीचं टेन्शन घेऊ नका, पोरगी परीक्षेपुरती आली तरी चालते."

वडिलांना यात सोय दिसत होती: लेक घरी राहील, आईला हातभार लागेल, डिग्रीही मिळेल. मी मात्र त्या एका वाक्याशी अडले.

मुलगी अजून गप्पच होती. मी तिला तिच्या बी.एस्सी.च्या कॉलेजबद्दल विचारलं. तेही छोटंच, पण अनुदानित. पोरगी एकदम बोलायला लागली. प्रॅक्टिकलला सर मागे येऊन उभे राहायचे, म्हणाली. बोलता बोलता तिचा डावा हात ब्युरेटच्या तोटीवर असावा तसा वळला आणि उजवा हात हवेतच फ्लास्क फिरवू लागला. "सर म्हणायचे, थेंब थेंब सोड. फिक्का गुलाबी आला की थांब. गडद झालं तर पुन्हा पहिल्यापासून." पुन्हा पहिल्यापासून करायला लावणारा माणूस तिला रोज भेटत होता. सरांना तिचं नाव, गाव, सुटणारी बस, सगळं ठाऊक होतं.

मी वडिलांना म्हटलं, "भाऊ, छोट्या कॉलेजची सगळी कमाई ही आहे. शिक्षक रोज येतात, मूल रोज येतं आणि ओळख होते. जे कॉलेज येऊच नका म्हणतं, तिथं तिला ओळखणार कोण? हारपायची भीती मला तिथंच जास्त वाटते."

ते बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "पण डिग्री तं विद्यापीठाची येगळी अन् कॉलेजची येगळी असन ना?"

हा गैरसमज गावोगाव आहे. अमरावती विद्यापीठ 1983 मध्ये स्थापन झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांच्या पदव्या तेच देतं. हे खासगी कॉलेजही त्यालाच संलग्न होतं. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव तेच येणार. म्हणून मी त्यांना सांगितलं, कागदाचा विचार सोडा आणि दोन्ही ठिकाणी साध्या दिवशी जाऊन या. ऑफिसात बसू नका, प्रयोगशाळा पाहा. शिकवणारे पूर्णवेळ किती, तासिका तत्त्वावर म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेणारे किती, ते विचारा. तिथल्या पोरींना विचारा की या आठवड्यात प्रॅक्टिकल झालं का.

आठ दिवसांनी दोघं परत आले. छोट्या कॉलेजात एम.एस्सी.ची वेगळी प्रयोगशाळाच नव्हती, अकरावी-बारावीचीच वापरायची होती. शिक्षक दोन, दोघेही तासिका तत्त्वावर, त्यातला एक अजून रुजू व्हायचा होता. विद्यापीठातही जागा रिकाम्या आहेत, हे वडिलांनी बरोबर हेरलं होतं. पण दुपारी चार वाजता तिथं पोरं प्रयोग करत होती. पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीनं हिला विचारलं, "तू कुठली?" "दारव्ह्याकडची." "मी दिग्रसची." दिग्रस म्हणजे दारव्ह्याच्या शेजारचाच तालुका. एवढंच बोलणं झालं. पण हे सांगताना पोरीचा चेहरा मी पाहिला.

मोठं तेच चांगलं, असं मी कधीच सांगत नाही. त्याच आठवड्यात आईच्या आजारपणामुळे घर सोडू न शकणाऱ्या दुसऱ्या एका मुलीला मी गावाजवळचंच छोटं कॉलेज घ्यायला सांगितलं. तिथं पूर्णवेळ शिक्षक होते आणि प्रयोगशाळा रोज उघडत होती.

या पोरीचं मात्र अमरावतीचं ठरलं, आणि आधी छोट्या कॉलेजात अडकलेले कागद सोडवायचे होते. मूळ प्रमाणपत्रं ताब्यात ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमानं मनाई आहे. त्याच नियमात फी परत करण्याचे टप्पे दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर थोडं प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण फी परत, तारखेनंतर 30 दिवस उलटले तर काहीच नाही. आम्ही त्या नियमाचा उल्लेख करून अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घ्यायला सांगितलं. शिक्का मारायच्या आधीच टीसी आणि गुणपत्रिका हातात आल्या. पैसे यायला तीन आठवडे लागले.

खरी ओढाताण मेसच्या पैशांची होती. जुलैत शेतकऱ्याचा पैसा पेरणीत गेलेला असतो, कापूस दिवाळीच्या आसपास घरात येतो आणि महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला तरी शिष्यवृत्ती उशिरा जमा होते. तिच्या मामांनी चार महिन्यांची मेस उचलली. हा हिशेब प्रवेशाआधी मांडला नसता, तर पोरगी दसऱ्याला घरी परतली असती.

ऑगस्टमध्ये तिचे दोन फोन आले, दोन्ही वेळा रडली. शिकवणं इंग्रजीत, वेग जास्त, जेवण पातळ. मी तिला दिग्रसच्या त्या मुलीला जाऊन भेट म्हटलं. मग फोन आला नाही.

पोळ्याला ती गावी आली. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी वडिलांचा फोन: "ताई, पोरगी निघाली परत. म्या म्हटलं, राह्य अजून दोन दिवस. तं म्हणते, बाबा, सकाळी प्रॅक्टिकल हाये."