'नोंद आढळून येत नाही' म्हणजे 'वन नाही' नव्हे: सौर प्रकल्पाच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी

मॅडम, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. परिविक्षाधीन उपजिल्हाधिकारी, पूर्व विदर्भ, सध्या तहसीलचा स्वतंत्र कार्यभार, शेतीला दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी शोधायचं काम, दर सोमवारी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्सवरचा आढावा). आणि प्रश्न असा की "सातबारा स्वच्छ आहे, शुक्रवारपर्यंत वन नसल्याच्या दाखल्यावर सही मागतायत, करू का? नाही केली तर करिअरवर परिणाम होईल का?"

२०१८ साली मी नेमका याच खुर्चीत होतो. मी सही केली. त्याची किंमत मोजून गेल्या वर्षी निवृत्त झालो, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

आधीच सांगतो, मी वकील नाही. शासन निर्णय बदलत असतात, आजचे तुम्हीच काढून बघा. माझी सगळी नोकरी पूर्व विदर्भात गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणी हे वाचून "आमच्याकडे असं काही नसतं" म्हणू नये. तुमच्याकडे झुडपी जंगल (महसूल दप्तरात तशी नोंद असलेली, झुडपं वाढलेली सरकारी जमीन) नाही, तुमचं नशीब. सातबारा कसा वाचायचा, जमीन महसूल संहितेचं कलम २२ काय, ४० काय, गायरानासाठी २२-अ का बघायचं, हे तुम्ही परीक्षेला घोकलेलंच असणार, त्यात शिरत नाही.

योजनेबद्दल माझी तक्रार नाही, तेवढं स्पष्ट असू दे. रात्री दोन वाजता लाइन येते म्हणून बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणारा शेतकरी मी पाहिलाय, साप चावून गेलेल्यांचे पंचनामेही केलेत. दिवसा वीज मिळायलाच हवी. २०१७ ला योजना आली, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली आणि मग जमिनींचा रेटा आणखी वाढला. एक मेगावॅटला साधारण चार एकर धरा, जमीन वीज उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत हवी. खासगी जमीन घ्यायची तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. सरकारी जमीन म्हणजे फुकटच. त्यामुळे वर बसलेला माणूस नकाशा उघडतो, उपकेंद्राभोवती वर्तुळ काढतो आणि त्यात 'सरकार' लिहिलेले जेवढे नंबर पडतील तेवढे तुमच्याकडे पाठवतो. त्या वर्तुळात काय उगवतं, कोण चारतं आणि साठ वर्षांपूर्वी कोणी काय लिहून ठेवलंय, ते त्याला दिसत नाही. दिसायचं काम तुमचं.

आता माझी चूक.

गाव सांगत नाही. अकरा हेक्टरचा तुकडा, सातबाऱ्यावर 'सरकार', इतर अधिकारात काही नाही. तलाठ्याचा अहवाल आला, मंडळ अधिकाऱ्याचा आला, दोन्हींत तीच वाक्यं, फक्त सही वेगळी. जागेवर गेलो. बोरी, तरवड, मधूनमधून पळस, बाकी खडक. सोबत गावचा कोतवाल होता, साठीला टेकलेला. मी आणि कंपनीचा पोरगा नकाशा धरून उभे. कोतवाल जरा लांब उभं राहून म्हणाला, "सायेब, हे तं झुडपी हाये. माह्या बाप इथंच जंगलवाल्यांच्या रोजीनं रोपं लावाले येत होता."

मी ऐकलं. हसून म्हणालो, "काका, रेकॉर्डला नाही ना." आणि गाडीत बसलो.

पुढे मी एका कार्यालयाला पत्र लिहिलं. कोणतं, ते विचारू नका. ही जमीन वन म्हणून कुठे नोंदलेली आहे का, एवढं विचारलं. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं, उत्तर नाही. माणूस पाठवला तर अभिलेख कक्षाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रजेवर. पुन्हा पाठवला तर तो हजर, पण "साहेबांची परवानगी लागेल", आणि साहेब दौऱ्यावर. इकडे व्हीसीत माझ्या तालुक्याची ओळ लाल. पाचव्या खेपेला दोन ओळींचं पत्र हातात पडलं. ते अजून पाठ आहे: "सदर भूमापन क्रमांकाबाबत या कार्यालयात सद्यःस्थितीत उपलब्ध अभिलेखात नोंद आढळून येत नाही."

मॅडम, हे वाक्य तीनदा वाचा. त्यात 'वन नाही' असं कुठेही लिहिलेलं नाही. 'सद्यःस्थितीत' आहे, 'उपलब्ध' आहे, 'आढळून येत नाही' आहे. लिहिणाऱ्याने तीन दारं उघडी ठेवली होती स्वतःला पळायला. आणि मी माझ्या टिपणीत काय लिहिलं? "संबंधित कार्यालयाच्या पत्रानुसार सदर जमीन वनक्षेत्रात समाविष्ट नाही." खाली माझी सही, माझा शिक्का. पुढची चार वर्षं जे काही झालं ते या एका वाक्यापायी. त्यांच्या 'सापडलं नाही'चं मी 'नाही' करून टाकलं.

काम सुरू झालं. जेसीबी फिरला, खांबांचे खड्डे झाले, थोडे खांब उभेही राहिले. मग गावातल्या एकाने तक्रार केली. कारण शेळ्या, जंगल नव्हे, पण तक्रारीला जोडलं होतं जुनं निस्तार पत्रक, म्हणजे गावकऱ्यांचे चराई-सरपणाचे हक्क लिहिलेला कागद. त्यात जुन्या खसरा (म्हणजे तेव्हाच्या भूमापन) क्रमांकापुढे वळणदार अक्षरात लिहिलेलं 'झुडपी जंगल'. खसऱ्याचा आताचा क्रमांक होताना आणि पुढे सातबारा संगणकावर चढताना कुठेतरी तो शब्द गळला आणि 'सरकार' तेवढं राहिलं. गंमत बघा, ज्या कार्यालयाला चार महिने नोंद सापडत नव्हती, चौकशी सुरू झाल्यावर त्याच कार्यालयाने दोन दिवसांत प्रमाणित प्रत काढून दिली. पानासकट. किल्लीवाला त्या दिवशी हजर होता म्हणे.

काम थांबलं. कारणे दाखवा, मग शिस्त व अपील नियमांच्या नियम ८ खाली विभागीय चौकशी. तलाठी आणि मंडळ अधिकारी दोघंही "तहसीलदारांच्या निर्देशानुसार" म्हणून मोकळे. पत्र देणारं कार्यालय तर मोकळंच होतं, त्यांचं वाक्य कायद्याने बिनचूक होतं! उपजिल्हाधिकारी पदोन्नतीची यादी आली तेव्हा माझं नाव मोहोरबंद पाकिटात, म्हणजे चौकशीचा निकाल लागेपर्यंत बाजूला. शेवटी निकाल लागला, हेतू वाईट नव्हता म्हणून फक्त 'ठपका'. लोक म्हणाले, सुटलात, पेढे द्या. पण ठपका ही शिक्षाच, त्यामुळे पाकीट उघडलं जात नाही आणि मानीव दिनांकही (मागच्या तारखेपासून धरलेली पदोन्नती) मिळत नाही. निर्दोष सुटलो असतो तर मिळाला असता. माझ्या हाताखाली नायब म्हणून काम केलेला मुलगा आज अपर जिल्हाधिकारी आहे. पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल राग नाही. पण दिवाळीच्या शुभेच्छांचा मेसेज टाकताना आधी 'सर' लिहायचं की 'अरे', हे मला अजून ठरवता येत नाही.

हे सगळं २०१८-१९ चं. आज तुमच्यासाठी प्रकरण त्याहून गंभीर आहे, म्हणून नीट ऐका. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपीचा प्रश्न कोर्टात होता. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशानुसार (सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीन, मालक कोणीही असो, वनच धरायची) झुडपी जमीन वनच, हे सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला पक्कं सांगितलं. ९६ च्या आधीच्या वाटपांना काही सवलत दिली आहे. ९६ नंतर वाटप केलं असेल तर राज्याने कारणं द्यायची, आणि ज्या अधिकाऱ्यांनी ते केलं त्यांच्यावर वन संवर्धन कायद्याच्या ३-अ, ३-ब खाली कारवाई झाल्याची खात्री झाल्याशिवाय केंद्राने तो प्रस्ताव हाताळायचा नाही. वाचलंत ना? अधिकाऱ्यांवर. निकालपत्र मुळातून वाचा, माझ्या शब्दांवर जाऊ नका. पण तिथे "व्हीसीत दबाव होता" असं लिहायला रकाना नसतो, एवढं अनुभवाने सांगतो.

मग करायचं काय? माझं मत, पटलं तर घ्या.

सातबाऱ्यावरून 'स्वच्छ' म्हणणं बंद करा. पहिल्यांदा गाव नमुना १-अ मागवा, ती वनजमिनींची नोंदवही. तलाठी म्हणेल "मॅडम, कोरी आहे". कोरी असेल तर कोरी म्हणून त्याच्या सहीने प्रत घ्या. मग १-ब, ती बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही. मग १९५४-५५ चं अधिकार अभिलेख, जुनं निस्तार पत्रक आणि बंदोबस्त नकाशा. जुन्या खसऱ्यापासून आजच्या क्रमांकापर्यंतची साखळी स्वतः कागदावर जोडा, कोणी जोडून दिलेली घेऊ नका. माझं पाप याच साखळीत होतं. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर किंवा प्रलंबित आहे का, तेही बघा, आमच्या भागात हे हमखास राहून जातं. आणि मोजणीची 'क' प्रत (मोजलेल्या हद्दींचा नकाशा) आल्याशिवाय ताबा पावती नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या कार्यालयाचं पत्र आलं की ते जसंच्या तसं अवतरणात टाका. "अमुक कार्यालयाने कळविले आहे की '...नोंद आढळून येत नाही'. तथापि, सदर जमीन वन नाही असा स्पष्ट अभिप्राय प्राप्त नाही. सबब संयुक्त पाहणी व अभिलेख पडताळणी आवश्यक." पुढे सादर. एवढं लिहिलंत की चेंडू तुमच्या अंगणात राहत नाही. वरून फोन येईल, "काय मॅडम, फाइल अडवता?" फोन आला त्या दिवशीची तारीख आणि वेळ टिपणीवर घ्या, "दूरध्वनीवर दिलेल्या निर्देशांस अनुसरून" असं लिहून. फोन करणाऱ्याला त्याची कुणकुण लागली की पुढचे फोन आपोआप सौम्य होतात. काही लोक म्हणतील हा आगाऊपणा आहे. असू दे.

करिअरचं विचारलंत म्हणून सांगतो. शुक्रवारी सही न केल्याने व्हीसीत एक बोलणं बसेल, फार तर गोपनीय अहवालात एक शेरा खाली येईल. तो पुढच्या वर्षी भरून निघतो. चौकशी भरून निघत नाही. परिविक्षेत तर मुळीच नाही. आणि ऊर्जेचं काम मिळालं म्हणजे मोठी नियुक्ती मिळाली असंही समजू नका. खाणीची जमीन १९५७ च्या कोळसा कायद्याखाली केंद्र परस्पर घेतं, टॉवरच्या तारांचं भांडण अजून १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या अधिकाराने चालतं, सौरऊर्जेची कंपनी वेगळी. जमिनीचा शिव्याशाप मात्र तहसीलला. फोटोत तुम्ही नसता, तक्रारीत असता.

ग्रामसभेचंही तसंच. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं मिळणार हे सरपंच सांगतो आणि ठराव येतो. पण जिच्या शेळ्या तिथे चरतात ती बाई सभेला आलेली नसते. तिला एकदा जागेवरच विचारा, कुठून कुठपर्यंत जनावरं जातात. शक्यता अशी की दोन हेक्टर सोडून बाकीची जागा निर्वेध मिळेल आणि तक्रारही येणार नाही. मला हे सुचलं नव्हतं.

थोडं किरकोळ. पाहणीला कंपनीच्या गाडीत बसू नका, उन्हात चालावं लागलं तरी. पाहणीचा पंचनामा जागेवरच लिहा, कचेरीत येऊन नव्हे. जुनी पानं मोबाइलवर टिपताना फ्लॅश बंद ठेवा, पिवळा कागद चमकतो आणि नेमका शब्द जातो. तुमच्या सहीच्या प्रत्येक दाखल्याची एक प्रत घरी ठेवा. बदली झाली की फाइल तुमची राहत नाही, जबाबदारी राहते. माझी मूळ टिपणी मला चौकशीत माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवावी लागली, स्वतःची टिपणी!

आणि कोतवालाला विचारा. असेल तर त्याच्या बापालाही.

त्या गावाचा नमुना १-अ काय म्हणतो ते आधी इथे लिहा. निस्तार पत्रकातलं अक्षर लागत नसेल तर गावाचं नाव झाकून फोटो टाका, आमच्यातले दोघं-तिघं म्हातारे वाचून देतील.