एका वेळी एकच गोष्ट

प्रिय मुली,

आईसाठी लिहून ठेवलेला तो लांबलचक मेसेज पाठवू नकोस. लहानपणीच्या तुलनांपासून परवाच्या भांडणापर्यंत सगळं त्यात आहे, आणि बहुतेक खरंही असणार. पण ती यादी तुझ्यापाशी राहू दे. आईशी बोलायचं ते एका वेळी एकाच गोष्टीवर.

ताजी घटना निवड. नोकरी सुटल्याचं तिने तुला न विचारता मावशीला सांगितलं, तीच घे. वाक्यं तीनच: काय घडलं, मला काय वाटलं, पुढच्या वेळी काय हवंय. ‘तू नेहमी’, ‘तू कधीच’ हे शब्द आले की घटना बाजूला राहते आणि ती स्वतःचा बचाव करायला लागते. समोरासमोर बसण्यापेक्षा चालताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना बोल. बाबांना मध्ये घालू नकोस. दोघींचा ताण ते वाहतात आणि प्रश्न तिथेच राहतो.

ती रडेल. ‘म्हणजे मी वाईटच आई’ म्हणेल. मुली घसरतात त्या इथेच. स्वतःचं म्हणणं गिळून तिची समजूत काढत बसतात आणि मग वर्षभर धुमसतात. जवळ बस, हात धर, आणि ‘तू वाईट नाहीस, पण हे मला आवडलं नाही’ एवढं पूर्ण म्हण. तिने दहा वर्षांपूर्वीचं काही उकरलं, तर ‘त्यावरही बोलू, आज नको.’

छाती धडधडायला लागली की थांब. शांत व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात. परत कधी बोलायचं ते सांगूनच ऊठ. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आयांनी काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला, तर तान्ही बाळं आधी त्यांना हसवू पाहत होती आणि मग तोंड फिरवत होती. तुम्हा दोघींचा अबोला हेच करतो, आणि तूही तो धरतेस.

एका वेळी एकच गोष्ट, या मुद्द्यावरून मला हट्टी म्हणतात. म्हणोत. ‘एकदाच सगळं बोलून मोकळी हो’ सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. अगं, दहा तक्रारी एकदम ऐकणारा माणूस त्यातली सर्वांत कच्ची निवडतो आणि तेवढीच खोडून काढतो! उरलेल्या नऊ खऱ्या असल्या तरी वाया जातात. म्हणून एकच.

मर्यादा घातलीस की आधी बिघडेल. फोन वाढतील, टोमणे वाढतील. आठव्या फोनला नमलीस, तर आठ फोन करावे लागतात एवढंच ती शिकेल. मारहाण किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची धमकी असेल, तर मात्र हे काही लागू नाही. तेव्हा एकटीने न बोलता समुपदेशकाला गाठ.

आणि मावशीला काही सांगण्याआधी तिने एकदा जरी तुला विचारलं, तर ‘विचारलंस ते बरं वाटलं’ असं त्याच दिवशी सांग. यादीतली पुढची ओळ त्यानंतर.