मेंदूचे थर शिकतोयस? आधी रीलिन धर

बीएस्सीनंतर न्यूरोसायन्सकडे वळतोयस, फार छान. पण सिग्नलिंगच्या, म्हणजे पेशींना रेणूंमार्फत मिळणाऱ्या निरोपांच्या, सगळ्या साखळ्या पाठ करत बसू नकोस. एकच रेणू घे आणि त्याचा पिच्छा पुरव. माझं मत विचारशील तर रीलिन.

कॉर्टेक्सचे, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचे, थर आतून बाहेर भरत जातात. आधी जन्मलेले न्यूरॉन खोलवर राहतात, नंतरचे त्यांना ओलांडून वर चढतात. अगदी वरच्या काठावरच्या काहाल-रेट्झियस पेशी रीलिन हे प्रथिन बाहेर सोडतात. वर येणाऱ्या न्यूरॉनवरचे ग्राहक (रिसेप्टर) ते पकडतात, आत डॅब१ या प्रथिनाला फॉस्फेट जोडलं जातं आणि न्यूरॉन आपल्या जागी बसतो. 'रीलर' उंदरात रीलिनचाच जनुक बिघडलेला असतो. त्याचं वर्णन १९५१ मध्ये झालं, जनुक मात्र १९९५ मध्ये हाती लागला. त्याच्या कॉर्टेक्समधले थर साधारण उलटे लागतात, आणि तो चालताना लटपटतो. साध्या आणि रीलर उंदराचे कॉर्टेक्स शेजारी-शेजारी स्वतः काढून बघ.

प्रत्यक्ष बघायचं तर कोंबडीचा भ्रूण. बेळगावात दुकानातली पोल्ट्रीची अंडी घेऊ नकोस, ती फलित नसतात. खानापूरकडे ज्यांच्या खुराड्यात कोंबडा आहे अशा मावशींकडून ताजी गावठी अंडी आण. कॉलेजच्या सरांना विचारून इन्क्युबेटरमध्ये ३८ अंशांवर ठेव, शेजारी बशीत पाणी असू दे. दोन दिवसांनी भिंगाखाली मेंदूचे फुगवटे आणि धडधडणारं हृदय दिसेल. थर तेव्हा दिसत नाहीत. पण ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, तिच्यात तेव्हा खालून सॉनिक हेजहॉग आणि वरून बीएमपी ही निरोप देणारी प्रथिनं पसरत असतात, म्हणून पुढचा रेणू सॉनिक हेजहॉग घे.