प्रार्थना सुचत नाही तेव्हा

नोकरी गेल्यापासून प्रार्थना सुचत नाही म्हणालास. मग सध्या स्वतःचे शब्द शोधूच नकोस, बायबलमधलं स्तोत्र 88 वाच. रात्रंदिवसाच्या आक्रोशाने सुरू होतं, अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाशी भांडायची परवानगीच समज ती!

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर बसलास तरी चालेल, पण संपल्यावर लगेच पळू नकोस. आपल्या वसईत खऱ्या ओळखी चर्चच्या आवारातच होतात. घरात चणचण असेल तर गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या मंडळींना गाठ. ती घरी येऊन भेटतात, गवगवा करत नाहीत. मनात काही खुपत असेल तर पापनिवेदनाला जा; तिथलं बाहेर फोडायची फादरांना कधीच मुभा नसते.

‘तुझी श्रद्धाच कमी पडते’ म्हणणारेही भेटतील. त्यांना चहा पाजून वाटेला लाव.