डोसाइल विद्यार्थी, विलिंग कामगार

एका प्राध्यापिकेने विचारलं आहे: परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहायचंय. मुलगा सालस, सांगितलेलं मनावर घेणारा. शब्दकोशात 'आज्ञाधारक'साठी ओबीडियंट, डोसाइल, कम्प्लायंट, सबमिसिव्ह अशी रांगच मिळाली, आणि त्यातला 'डोसाइल' जरा भारदस्त वाटला. तो चालेल का? आणि विलिंग, अमीनेबल, ओब्लायजिंग यांत नेमका फरक काय?

आधी तातडीचं सांगतो. डोसाइल काढून टाका. हा शब्द 'शिकवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला आहे, डॉक्टर आणि डॉक्ट्रिन त्याच्याच गोतावळ्यातले. म्हणजे एकेकाळी डोसाइल म्हणजे शिकवलेलं पटकन उचलणारा, आणि तेव्हा तो तुमच्या विद्यार्थ्याला शोभलाही असता. आजच्या इंग्रजीत मात्र हा शब्द गोठ्यात जास्त दिसतो. गाईची, घोड्याची किंवा कुत्र्याची एखादी जात कशी आहे हे सांगताना 'डोसाइल टेंपरामेंट' लिहितात. मारकी नाही, लाथ झाडत नाही, नवख्या माणसालाही हाताळू देते, असं. माणसाला लावला की आपल्या 'गरीब गाय'ची छटा येते, वर 'हाकाल तिकडे जाणारा' हेही आलंच. संशोधनासाठी विद्यार्थी निवडणाऱ्यांना अशी गाय नको असते.

या शब्दांना मी एक चाळणी लावतो. माणूस हा शब्द स्वतःबद्दल वापरतो का? 'आय ॲम विलिंग' लोक रोज म्हणतात. 'आय ॲम अमीनेबल टू दॅट' बैठकीत सर्रास ऐकू येतं. 'आय ॲम डोसाइल' किंवा 'आय ॲम बिडेबल' (सांगाल ते ऐकणारा) असं गंभीरपणे कोणी म्हणत नाही, कारण हे शब्द हुकूम सोडणाऱ्याच्या खुर्चीतून बघतात. मराठीतही 'मी तयार आहे' हे आपण आपलं बोलतो, 'तो बायकोच्या मुठीत आहे' हे गाव बोलतं.

आता विलिंग. दिसायला सोपा, पण सगळ्यांत फसवा हाच. 'अ विलिंग वर्कर' म्हणजे न सांगता पदर खोचून, बाह्या सरसावून कामाला भिडणारी व्यक्ती. पण 'शी इज विलिंग टू वर्क ऑन संडेज' याचा अर्थ एवढाच की रविवारी यायला तिची हरकत नाही. उत्साहाचा तिथे पत्ताही नसेल. शब्द नामाच्या आधी बसला की स्वभाव सांगतो आणि मागून 'टू' घेऊन आला की एका गोष्टीपुरती संमती देतो. या दुसऱ्या प्रकाराला बऱ्याचदा घासाघिशीचा वास असतो: 'आय ॲम विलिंग टू पे फाइव्ह हंड्रेड', म्हणजे पाचशे देईन, पुढचं बोलू नका. पहिल्याला आपण कामसू किंवा तत्पर म्हणू, दुसऱ्याला राजी. एखाद्या उमेदवाराबद्दल 'विलिंग टू लर्न' एवढंच लिहिलं तर चाणाक्ष वाचणारा मनात म्हणतो, बरं, शिकायला नाही म्हणत नाही, पण शिकला का? तिथे 'ईगर' किंवा 'कीन' हवा.

मराठी माणसाची खरी गोची विलिंग आणि रेडी यांत होते, कारण आपला 'तयार' एकटाच दोघांचा संसार चालवतो. जेवण तयार, मुलं शाळेत जायला तयार आणि तो लग्नाला तयार, सगळीकडे हाच. म्हणून आपल्या इंग्रजीत 'ही इज नॉट रेडी टू लिसन' हे वाक्य जागोजागी सापडतं. सांगायचं असतं 'तो ऐकायला तयार नाही', पण इंग्रजाला ऐकू येतं की त्याची अजून पूर्वतयारी व्हायची आहे. थोडा वेळ द्या, मग ऐकेल! तिथे 'ही वोन्ट लिसन' किंवा 'ही रिफ्यूजेस टू लिसन' पाहिजे. आणि 'प्रिपेअर्ड टू' तर याहून ताठ. 'आय ॲम नॉट प्रिपेअर्ड टू वेट' म्हणणाऱ्याची तयारी अपुरी नसते, त्याचा पारा चढलेला असतो.

पुढच्या दोघांचा उलगडा त्यांच्या शेपटांवरून होतो. कम्प्लायंटला 'विथ' लागतो आणि त्यापुढे बहुधा नियम, मानक किंवा अट येते. मनात काय आहे याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही, अट पुरी झाली की झालं. म्हणूनच जीएसटी कम्प्लायंट बिल असू शकतं आणि ओबीडियंट बिल असू शकत नाही. माणसाला नुसतं कम्प्लायंट म्हटलं तर तो कुरकुरला नाही इतकंच कळतं, आणि बहुतेकदा 'जरा जास्तच ऐकतो' असा टोमणाही असतो.

अमीनेबलला 'टू' लागतो, पण त्यापुढे सूचना, प्रस्ताव, युक्तिवाद असं काहीतरी येतं. समजावून सांगितलं तर वळवता येईल असा माणूस, आडमुठा नव्हे. यात मान आहे, कारण त्याला पटवावं लागतं. मात्र हाच शब्द आपल्या हायकोर्टाच्या निकालांत भेटला तर सावध. एखादी खासगी संस्था राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली, म्हणजे हायकोर्टाच्या रिट काढण्याच्या अधिकाराखाली, 'अमीनेबल टू रिट जुरिस्डिक्शन' आहे का, यावर तिथे पानंच्या पानं खर्ची पडतात. संस्था राजी आहे का हा तिथे प्रश्नच नसतो, तिच्याविरुद्ध रिट चालेल का हा असतो. जुना अर्थ हाच आहे. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ 'घेऊन येणे', म्हणजे जाब द्यायला कोर्टापुढे आणता येण्याजोगा. मवाळ अर्थ नंतर आला.

ओब्लायजिंगमध्ये हुकूमच नाही. कुणी अडला की आपलं काम बाजूला ठेवून मदत करणारा, अडल्यानडल्याला धावणारा. शेजाऱ्याला, दुकानदाराला हा शब्द छान बसतो, विद्यार्थ्याला थोडा तोकडा. त्याचा चुलतभाऊ कम्प्लेझंट, म्हणजे दुसऱ्याचं मन राखण्यासाठी मान तुकवणारा. बायकोच्या भानगडीकडे काणाडोळा करणाऱ्या नवऱ्याला जुन्या इंग्रजीत 'कम्प्लेझंट हजबंड' म्हणत. आत्मसंतुष्ट या अर्थाचा कम्प्लेसंट याच घरातला, पण त्याने वेगळी चूल मांडली आहे. कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात, तेव्हा बोलताना पहिला टाळलेलाच बरा.

सबमिसिव्ह, सर्व्हाइल, ऑब्सीक्विअस यांच्यावर शाई घालवत नाही. पहिला दबलेला, दुसरा लाचार आणि तिसरा लाळघोटा. शिफारसपत्रात तिघांनाही बंदी. आपले होयबा आणि नंदीबैल याच आळीतले.

राहिला ओबीडियंट. मुळात 'ऐकणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघालेला, म्हणजे 'पोरगं माझं ऐकत नाही' म्हणताना आपण जे करतो तेच त्यांनीही केलं. शब्दात वाईट काही नाही, पण तो लहान मुलांना, सैनिकांना आणि कुत्र्यांना लागतो. शाळेतल्या पत्रात 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहायची आपल्याला सवय, त्यामुळे हा गुण वाटतो. पंचविशीतल्या मुलाबद्दल तिकडे ते जरा विचित्र दिसेल. तुम्हाला म्हणायचं आहे ते 'रिस्पॉन्सिव्ह टू फीडबॅक' किंवा 'कॉन्शिएन्शस' (मन लावून, चोख काम करणारा) यात येतं. त्याला जोडून त्याने कोणती सूचना कशी अंमलात आणली तेही एका ओळीत लिहा.

एक अवांतर. बक्सम हा शब्द आज भरल्या अंगाच्या बाईसाठी वापरतात, पण तो 'वाकणे'वरून आलेला आणि पूर्वी त्याचा अर्थ चक्क आज्ञाधारक असा होता. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये नवरी लग्नाच्या शपथेत बक्सम राहण्याचं वचन देई.

डॉक्टर मंडळींनीही या शब्दांवर बराच खल केला आहे. सांगितलेली औषधं वेळेवर घेणाऱ्या रुग्णाला पूर्वी कम्प्लायंट म्हणत. पण त्यात डॉक्टर हुकूम सोडतो आणि रुग्ण तो पाळतो असं चित्र उभं राहतं, म्हणून पुष्कळांनी तो सोडून 'ॲडहिरन्स', म्हणजे ठरलेल्या उपचाराला धरून राहणं, हा शब्द घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 मधल्या अहवालानेही हाच शब्द वापरला आणि त्याच्या व्याख्येत रुग्णाची सहमती धरली. कम्प्लायन्स दवाखान्यातून पुरता गेला मात्र नाही. फुफ्फुस किती सहज फुगतं याच्या मोजमापाला अतिदक्षता विभागात आजही तेच नाव आहे.